व्हेनिसची चांदीची लहान नाणी

पुतळ्यांची माळ ठाऊक नाही अशी गृहिणी आपल्या समाजातील जुन्या घरांतून विरळाच आढळेल. या पुतळीचा संबंध इटलीतील व्हेनिस या सागरी गणराज्याच्या सुवर्णनाण्याशी, म्हणजे डुकाटाशी, पोहोचतो. १२८४ साली प्रथम पाडलेले हे नाणे व्यापारमार्गाने हिंदुस्थानात आले व त्यावरील मानवाकृतींमुळे आपल्याकडे 'पुतळी' म्हणून ओळखले जाऊ लागले. सोन्याची कीर्ती अशी सर्वदूर पसरली. परंतु ज्या चांदीच्या लहान नाण्यांवर तेथील सामान्य माणसाचा संसार चालला, त्यांचा परिचय आपणांस क्वचितच असतो.

बाराव्या शतकाच्या अखेरीस व्हेनिसमध्ये 'पिकोलो' हे हिणकस नाणे चालत असे. त्यात चांदी थोडी व तांबेच अधिक. मोठ्या व्यापारास ते अपुरे पडू लागले, तेव्हा डोज, म्हणजे गणराज्याचा प्रमुख, एन्रिको दांदोलो याने ११९३ ते १२०२ च्या दरम्यान 'ग्रोसो' हे सुमारे २.१८ ग्रॅम वजनाचे, शेकडा ९६ हून अधिक कसाचे नाणे सुरू केले. १२०१ साली चौथ्या धर्मयुद्धाच्या सैन्यास नौका पुरविण्याचा ८५,००० मार्क चांदीचा करार व्हेनिसने केला होता. त्या नौका बांधणाऱ्या कारागिरांचे वेतन देण्यासाठी ग्रोसो पाडले, असे तेराव्या शतकातील बखरकार मार्तिनो दा कानाल सांगतो.

पुढे सुमारे दीड शतक ग्रोसोचे वजन व कस जवळजवळ ढळले नाहीत. पिकोलोची गोष्ट मात्र निराळी. तेराव्या शतकाच्या आरंभी एका ग्रोसोस सुमारे २६ पिकोलो पडत. १२८२ पर्यंत हा भाव ३२ वर गेला. याचा अर्थ उघड आहे. ग्रोसोत हिशेब ठेवणारा व्यापारी सुरक्षित राहिला. पिकोलोत मजुरी घेणाऱ्या हमालाच्या श्रमाचे मोल मात्र घटत गेले.

फ्रान्चेस्को दांदोलो (१३२९–१३३९) याच्या कारकीर्दीत १२ पिकोलो किमतीचा 'सोल्दिनो' निघाला. त्यावर ध्वज धरून गुडघे टेकलेला डोज असे. १३५३ साली त्याचे वजन सुमारे अर्ध्या ग्रॅमपर्यंत उतरविले, परंतु कस ग्रोसोइतका उत्तम केला. शिवाय टांकसाळीच्या अधिकाऱ्याचे आद्याक्षर नाण्यावर येऊ लागले. नाणे खोटे निघाल्यास जबाब कोणास विचारावा, हे त्यामुळे कळे.

हा सोल्दिनो व्हेनिसच्या गलबतांतून इंग्लंडातही पोहोचला. तेथे सुट्या नाण्यांची टंचाई असल्याने १४०० च्या सुमारास लोक तो अर्ध्या पेनीऐवजी घेऊ लागले. 'गॅली हाफपेनी' असे त्यास नाव पडले. पार्लमेंटाने वारंवार बंदी घातली. तरीही सोळाव्या शतकाच्या आरंभी डोज लिओनार्दो लोरेदान याची नाणी पुन्हा आलीच. इंग्लंडातील शेतांत ती आजही सापडतात. लोकांची नड भागविणारे नाणे केवळ हुकुमाने हटत नाही, हेच खरे.

१७९७ मध्ये नेपोलियनपुढे हे गणराज्य लयास गेले. त्याच्या वैभवाची साक्ष डुकाट देतो. त्याच्या न्यायाची परीक्षा करावयाची, तर मजुराच्या मुठीतील नाण्याचा कसच पाहिला पाहिजे.