कारभार एकाचा, नाव दुसऱ्याचं

दुसऱ्याच्या नावाने कारभार पाहणं आपल्या मावळाला नवं नाही. १७३१ मध्ये डभोईच्या लढाईत तळेगावचे सेनापती त्र्यंबकराव दाभाडे पडले. शाहू महाराजांनी पद धाकट्या यशवंतरावांना दिलं. ते वयाने लहान, म्हणून कारभार आई उमाबाईंनी पाहिला. पुढे पेशव्यांशी बिनसलं आणि १७५१ मध्ये दाभाड्यांना कैद झाली, जहागीर गेली. धोरण उमाबाईंचं, पण पद गेलं ते मुलाचं.

इंग्रजांनी असंच नातं १८७२ च्या करार कायद्यात बसवलं (बी.कॉम.ला पाठ केलेला!). मुखत्याराने मागितला की हिशोब द्यायचा. आणि लिहून देणाऱ्याची बुद्धी शाबूत राहिली नाही की मुखत्यारी संपते. म्हणजे म्हातारपणी खरी गरज पडते तेव्हाच कागद निकामी!

लोणावळ्याच्या आमच्या अण्णांना, वय ८८, माझ्या नावे कुलमुखत्यारपत्र करायचं होतं. दुधाच्या हिशोबावरूनही घरच्यांवर संशय घेणारा माणूस. मी सांगितलं, "अण्णा, चेक लिहून देते, बँकेत सोबत येते. सही मात्र तुमचीच."

महिनाभर बोलले नाहीत. चेक तेवढे माझ्याकडून लिहून घेत होते.