भिल्ल ‘कोअर’ की भिल्ल ‘कॉर्प्स’?

आजचा एपिसोड माझ्या एका चुकीवर आहे.

धरणगाववर बोलताना मी रेकॉर्डिंगमध्ये ठासून म्हणालो, ‘खानदेश भिल्ल कॉर्प्स’. अपलोड करण्याआधी फाईल धुळ्याच्या काकांना पाठवली. त्यांचा लगेच फोन आला, “अरे, अख्ख्या पलटणीचं मढं केलंस की!”

इंग्रजीत हे दोन शब्द जवळपास सारखेच दिसतात. फरक फक्त शेवटच्या ‘ई’चा. ‘ई’ असेल तर उच्चार कॉर्प्स, अर्थ प्रेत. ‘ई’ नसेल तर उच्चार कोअर, अर्थ तुकडी. ‘पी’ आणि ‘एस’ दोन्ही मुके. मूळ मात्र एकच: लॅटिनमधला ‘शरीर’ या अर्थाचा शब्द. कोअर फ्रेंचमधून आला, म्हणून त्याचा उच्चारही तिकडचा. एनसीसी केलेल्यांनो, तुमचा शेवटचा ‘सी’ म्हणजे हाच कोअर!

आता इतिहास. १८१८मध्ये पेशवाई संपली आणि खानदेश इंग्रजांकडे गेला. सातपुडा आणि सातमाळ्यातल्या भिल्लांनी ही सत्ता मुकाट्याने मानली नाही. कंपनीने आधी फौजा पाठवल्या, माणसं पकडली, मारली. तरी बंडं थांबेनात. मग १८२५मध्ये मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनी धोरण बदललं. माफी, कसायला जमीन, तगाई आणि सोबत भिल्लांचीच पलटण. ती उभी करायचं काम लेफ्टनंट जेम्स आउट्रमकडे आलं. वय अवघं २२. तो भिल्लांमध्ये राहिला, त्यांच्याबरोबर वाघाच्या शिकारीला गेला, विश्वास मिळवला. पलटणीचं ठाणं धरणगावला झालं.

पण ही गोष्ट एवढी गोड नाही. पलटणीचं काम काय, तर डोंगरातल्या आपल्याच भाऊबंदांना आवरणं. १८५७-५८मध्ये खाज्या नाईक, भीमा नाईक सातपुड्यात उठले, तेव्हा ही पलटण सरकारच्याच नोकरीत होती.

म्हणजे आधी प्रेतं पडली, मग पलटण झाली. दोन्ही शब्द या मातीत खरे ठरले, म्हणूनच त्यांची गल्लत नको. ज्यांच्या पूर्वजांनी हे सोसलं, त्यांच्यापैकी कुणीतरी आत्ता हेडफोन लावून ऐकत असेल.

मी ते वाक्य पुन्हा रेकॉर्ड केलं. खानदेश भिल्ल कोअर. तुम्हीही एकदा मोठ्याने म्हणा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!