बंद झालेल्या प्लगइनचे जतन

बंद झालेल्या प्लगइनचे जतन : चित्रसंपादन, पानजुळणी, ध्वनिसंपादन अशा कामांच्या सॉफ्टवेअरला जोडून चालणारी, पण निर्मात्याने विक्री आणि दुरुस्ती थांबवलेली पूरक सॉफ्टवेअर पुढेही वापरता येतील अशी राखून ठेवणे. प्लगइन एकटे चालत नाही. मूळ सॉफ्टवेअरची ठरावीक आवृत्ती, कार्यप्रणाली, परवान्याची की आणि काही वेळा फॉन्ट, एवढे सगळे जुळले तरच ते काम करते. त्यामुळे प्लगइनचे फोल्डर पेन ड्राइव्हवर उतरवले म्हणजे बॅकअप झाला, हा सर्वत्र आढळणारा समज घातक आहे.

महाराष्ट्रात या प्रश्नाची झळ विशेष बसली ती डीटीपीला, म्हणजे संगणकावरील पानजुळणीला. पुण्यातील मॉड्युलर इन्फोटेकची ‘श्रीलिपी’ आणि सी-डॅकची ‘आयएसएम’ यांनी पेजमेकर, कोरलड्रॉ, फोटोशॉप यांत मराठी अक्षरजुळणीची सोय केली. काटेकोर अर्थाने ही प्लगइन नव्हेत. मात्र मूळ सॉफ्टवेअर आणि कार्यप्रणाली यांवरचे त्यांचे अवलंबित्व तसेच आहे. युनिकोड रुळण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरांचे भाग रोमन अक्षरांच्या संकेतांवर बसवलेले असत. त्या काळातील लग्नपत्रिका किंवा दिवाळी अंकाचे पान मूळ फॉन्टशिवाय उघडले, की पडद्यावर रोमन अक्षरे, कंस आणि विरामचिन्हे यांची सरमिसळ दिसते. मजकूर फाइलमध्ये शाबूत असतो, पण वाचता येत नाही.

पेजमेकर 1985 मध्ये ऑल्डस कंपनीने आणले, 1994 मध्ये ते ॲडोबीकडे गेले, 2001 मध्ये त्याची 7.0 ही शेवटची मुख्य आवृत्ती निघाली आणि 2004 मध्ये विकास थांबला. त्याच्या फाइल थेट उघडणारी, ॲडोबीच्याच इनडिझाइन या पानजुळणी-सॉफ्टवेअरची अखेरची आवृत्ती सीएस6 होय. पुण्याजवळच्या चाकण–महाळुंगे पट्ट्यातील कारखान्यांची लेबले, खोक्यांवरील मजकूर, मराठी सुरक्षाफलक अशा छपाईकामात जुनाच आराखडा किरकोळ बदल करून पुन्हा काढावा लागतो. तेथे जुनी फाइल न उघडणे म्हणजे सगळी जुळणी नव्याने करणे.

प्लगइन निकामी होण्याची कारणे ठरलेली आहेत. 32-बिट प्लगइन 64-बिट फोटोशॉपमध्ये चालत नाही. 2019 च्या मॅकओएस कॅटालिनाने तर 32-बिट सॉफ्टवेअर पूर्णपणे बंद केले. ऑनलाइन नोंदणी मागणारे प्लगइन कंपनीचा सर्व्हर बंद होताच नव्या संगणकावर सुरू होत नाही. परवाना तपासणारे जुने डोंगल प्रिंटरच्या समांतर पोर्टला लावायचे असत आणि आजच्या लॅपटॉपला तो पोर्टच नसतो. क्वचित नशीब साथ देते : गूगलने 2017 मध्ये सोडून दिलेला ‘निक कलेक्शन’ हा प्लगइनसंच त्याच वर्षी डीएक्सओ कंपनीने विकत घेऊन पुढे चालवला.

खरा बॅकअप घेताना प्लगइनचा मूळ इन्स्टॉलर, अद्यतने, परवान्याची की, पावती, फॉन्ट आणि मूळ सॉफ्टवेअरचा इन्स्टॉलर एकत्र ठेवतात. सोबतच्या साध्या मजकूर फाइलमध्ये आवृत्ती व कार्यप्रणाली लिहितात. चालू स्थितीतील संपूर्ण डिस्कची प्रतिमा काढून ती आभासी संगणकावर चालवून पाहणे सर्वांत भरवशाचे; डोंगल असल्यास मात्र तेथेही अडचण येऊ शकते. प्रती किमान तीन, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतील एक दुसऱ्या जागी, हा संकेत येथेही लागू पडतो. जुन्या सीडींचा थर खराब होतो, म्हणून त्या आधी उतरवून घ्याव्या लागतात.

प्लगइन चालते आहे तोवरच कामाची अंतिम प्रत पीडीएफ किंवा टिफमध्ये आणि मराठी मजकूर युनिकोडमध्ये काढून ठेवणे सर्वांत महत्त्वाचे. हीच पायरी बहुतेक ठिकाणी राहून जाते. पीडीएफमध्ये फॉन्ट अंतर्भूत केल्यास पान जसेच्या तसे दिसते. परंतु जुन्या संकेतातील मजकूर त्यातून शोधता येत नाही, म्हणून युनिकोड प्रत वेगळी लागते.

भारतीय कॉपीराइट कायदा, 1957 मधील कलम 52(1)(कक) नुसार संगणक-प्रणालीची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला नाश किंवा हानीपासून तात्पुरते संरक्षण म्हणून, मूळ वापरापुरती, बॅकअप प्रत काढता येते. ती प्रत इतरांना वाटण्याची मुभा या तरतुदीत नाही. निर्मात्याने विक्री थांबवल्याने त्याचा हक्क संपत नाही.