पाळीच्या कळा आणि सुयांचा उपचार: ॲक्युपंक्चर, चिनी औषधं घेण्याआधी हे वाचा

पेडणे / डिचोली : मोरजी, मांद्रे, हरमलच्या किनारपट्टीवर योग, मसाजच्या पाट्यांबरोबर ॲक्युपंक्चरच्या पाट्याही दिसतात. पाळीच्या दुखण्यावर हा उपचार चालतो का, असं आता गावातल्या मुली-बायकाही विचारतात. आपल्याकडे या दुखण्यावर ठरलेलं उत्तर एकच : 'सगळ्यांनाच होतं, सोसायचं.' पण प्रत्येक दुखणं सोसण्यासारखं नसतं.

दुखणं दोन प्रकारचं

पाळीच्या वेळी गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात. त्यामुळे गर्भाशय आवळतं आणि ओटीपोटात, कंबरेत, मांड्यांत कळा येतात. पहिले दोन-तीन दिवस त्रास होऊन तो ओसरतो. आत दुसरा आजार नसतो.

दुसऱ्या प्रकारात मूळ कारण वेगळं असतं : एंडोमेट्रिओसिस, गाठी (फायब्रॉइड) किंवा जंतुसंसर्ग. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते पाळीच्या वयातल्या साधारण 10 टक्के स्त्रियांना एंडोमेट्रिओसिस असतो. त्याचं निदान व्हायला अनेकदा कित्येक वर्षं जातात, कारण घरात आणि कधी दवाखान्यातही 'पाळीचंच आहे' म्हणून विषय संपवला जातो.

पाळीच्या आधी आठ-पंधरा दिवस चिडचिड, रडू येणं, छाती जड होणं, पोट फुगणं, झोप बिघडणं, आणि पाळी आली की बरं वाटणं, याला पीएमएस म्हणतात. निदानासाठी निदान दोन पाळ्यांची रोजची नोंद लागते.

सुया भारतात आल्या कशा?

1938 मध्ये चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. 1942 मध्ये त्यांचं तिथेच निधन झालं. त्यांचं नाव ॲक्युपंक्चरशी जोडलं जातं, पण ही विद्या भारतात आणली ती पथकातले त्यांचे सहकारी डॉ. विजयकुमार बसू यांनी. पुढे पुन्हा चीनला जाऊन ते शिकले आणि 1959 मध्ये त्यांनी कोलकात्यात उपचार सुरू केले. केंद्र सरकारने 2019 मध्ये ॲक्युपंक्चरला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. महाराष्ट्रात त्यासाठी वेगळा कायदा आणि परिषद आहे.

चिनी वैद्यकानुसार शरीरातली 'ची' म्हणजे प्राणशक्ती किंवा रक्त अडलं, थंडी साचली की पाळी दुखते. त्यावर ठरावीक बिंदूंवर बारीक सुया टोचतात. पायाच्या आतल्या घोट्याच्या वर चार बोटांवर, नडगीच्या हाडामागे असलेला बिंदू पाळीसाठी नेहमी वापरतात. तिथे अंगठ्याने दाब देणं म्हणजे ॲक्युप्रेशर. गरोदरपणाची शक्यता असेल तर हा बिंदू टाळायची प्रथा आहे.

अभ्यास काय सांगतात?

वैद्यकीय चाचण्यांचा एकत्र आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने 2016 मध्ये पाळीच्या दुखण्यावरच्या 42 चाचण्या तपासल्या. त्यांत 4,640 स्त्रिया होत्या. निष्कर्ष असा की उपयोग होतो असं ठामपणे सांगण्याइतका पुरावा नाही, कारण बऱ्याच चाचण्यांचा दर्जा कमी होता. 2018 मध्ये पीएमएसवरच्या पाच चाचण्या (277 स्त्रिया) तपासल्या. लुटुपुटीच्या सुयांपेक्षा खऱ्या सुयांनी थोडा आराम पडू शकतो असं दिसलं, पण तोही पुरावा कच्चाच. थोडक्यात, काहींना बरं वाटतं. खात्री देता येत नाही. 'तीन बैठकांत कायमचं बरं' असं कुणी सांगितलं तर सावध व्हा.

औषधांबाबत जास्त जपा

चिनी जडीबुटींवरच्या 39 चाचण्यांच्या 2008 च्या आढाव्यातही चित्र आशादायक, पण दर्जा कमकुवत असंच निघालं. धोका मात्र खरा आहे. ॲरिस्टोलोचिक आम्ल असलेल्या काही वनस्पतींनी मूत्रपिंडं निकामी होतात. 'डाँग क्वाई' हे बायकांचं प्रसिद्ध चिनी औषध रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनबरोबर घेतलं तर रक्तस्राव वाढू शकतो. लेबल नसलेली पुडी घेऊ नका. धारगळला 2022 मध्ये सुरू झालेली अखिल भारतीय आयुर्वेद संस्था ही आयुर्वेदाची आहे. चिनी औषधं हा वेगळा प्रकार.

आधी काय करावं?

* गरम पाण्याच्या पिशवीचा शेक. चालणं, हलका व्यायाम.
* वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारून, जेवणानंतर, कळा सुरू होतानाच. दमा, अल्सर, मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी सांगा. मेफेनॅमिक आम्लाच्या गोळीबाबत 2023 मध्ये भारतीय औषधसंहिता आयोगाने इशारा दिला होता : अंगावर पुरळ, ताप, गाठी सुजणं दिसलं तर गोळी बंद करून लगेच डॉक्टर गाठा.
* सुया घ्यायच्याच असतील तर शिक्षण आणि नोंदणी विचारा. सुई एकदाच वापरायची, पाकीट तुमच्यासमोर फोडलेली हवी. रक्त गोठण्याचा आजार असेल तर सांगा.

डॉक्टरांकडे कधी?

दर तासाला पॅड भिजत असेल, गोळीने थांबत नसेल, दुखणं दरवर्षी वाढत असेल, पाळी संपल्यावरही किंवा संबंधाच्या वेळी दुखत असेल, शाळा-काम बुडत असेल, तर सुयांआधी तपासणी. पाळी चुकली आहे आणि एका बाजूला जोरात दुखतंय, चक्कर येतेय, तर वेळ घालवू नका. गोव्यात आणि महाराष्ट्रात दोन्हीकडे 108 लावा. पाळीआधी जीव नकोसा वाटत असेल तर टेली-मानस 14416 वर बोला.

पेडणे आणि डिचोलीच्या सामाजिक आरोग्य केंद्रात सुरुवात करता येते. पुढची तपासणी म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयात किंवा बांबोळीला होते. दोडामार्ग, बांद्याकडच्या लोकांनाही बांबोळीची वाट ठाऊक आहे. जाताना दोन महिन्यांची नोंद सोबत न्या : तारीख, किती दुखलं, किती पॅड लागले, कोणती गोळी घेतली. मुलगी बोलायला लाजत असेल तर आईने किंवा मोठ्या बहिणीने हा कागद डॉक्टरांच्या हातात द्यावा.