चौदाव्या दिवसाचा हिशेब

साथीच्या दिवसांत एक प्रश्न हमखास येतो : आजारी माणसाच्या शेजारी बसून आलो, पण आम्हाला तर काहीच होत नाही, मग करायचं काय? आज आपण तो गोवराच्या निमित्ताने पाहू. गोवर अंगावर पुरळ म्हणून दिसतो खरा, पण तो श्वासावाटे पसरणारा विषाणू आहे.

साल 1846. उत्तर अटलांटिकमधली, डेन्मार्कच्या ताब्यातली फॅरो बेटं. 1781 नंतर तिथे गोवर आलेलाच नव्हता. मार्चअखेर कोपनहेगनहून एक सुतार जहाजाने उतरला. तो निघाला तेव्हा धडधाकट होता, पोचल्यावर काही दिवसांनी आजारी पडला. पुढच्या काही महिन्यांत 7,782 वस्तीपैकी 6,000 हून अधिक लोकांना गोवर झाला.

सरकारने पाठवलेल्या डॉक्टरांत पीटर लुडविग पानुम हा पंचविशीतला तरुण होता. विषाणू ही कल्पनाच तेव्हा नव्हती. पानुमने काय केलं? गावोगाव फिरून तारखा विचारल्या. कोणाला कधी भेटलात? पुरळ कधी उठलं?

च्योर्नुविक गावचे दहा जण 4 जूनला वेस्टमान्नाला देवमाशांच्या शिकारीला गेले होते. दहाही जणांच्या अंगावर पुरळ उठलं ते 18 जूनला. बघा, मधले चौदा दिवस! ही माणसं घरी आली, जेवली, झोपली; कोणाला काही कळलं नाही. मग साधारण तितक्याच दिवसांनी गावातले इतर लोक अंथरुणाला खिळले. उलट 1781 मध्ये गोवर होऊन गेलेल्या म्हाताऱ्यांपैकी एकालाही तो पुन्हा झाला नाही. आणि जी गावं स्वतःहून वेगळी राहिली, त्यांतली बरीच वाचली.

आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे यातलं एक आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं. ‘मला बरं वाटतंय’ हे खरं असतं, पण तो पुरावा नव्हे. पुरावा म्हणजे भेटीची तारीख. गोवराचा रुग्ण पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून इतरांना रोग देऊ शकतो, हे आज आपल्याला ठाऊक आहे. म्हणजे शरीर गप्प असतं तेव्हाच आपली जबाबदारी सुरू होते. त्यात अपराध काही नाही. त्या सुतारानेही कोणाचं वाईट चिंतलं नव्हतं.

पानुमकडे लस नव्हती, आपल्याकडे आहे. संपर्कानंतर 72 तासांच्या आत दिलेली लस गोवर टाळू शकते. तान्ही बाळं, गर्भवती आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले, यांच्यासाठी सहा दिवसांच्या आत द्यायचं इंजेक्शन असतं. दोन्हींची मुदत मोजायची ती संपर्काच्या दिवसापासून. पुरळाची वाट पाहत बसलं, तर ती कधीच टळलेली असते.

तेव्हा संपर्क आला की आधी तारीख लिहून ठेवा, डॉक्टरांना फोन करा, आणि ते सांगतील तितके दिवस वेगळे राहा. दवाखान्यात जायचं झालं तर आधी कळवून जा. बाहेरच्या बाकावर कोणाचं तरी तान्हं बाळ बसलेलं असतं.