सुईनं लिहिलेली वंशावळ

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये १५९८ सालचं एक भरतकाम आहे. लिननवर रेशीम आणि जर, मधूनमधून टाचलेले मोती-मणी. वरच्या अंगाला कुत्रा, हरीण, साखळीनं बांधलेलं अस्वल, त्याखाली मुळाक्षरं, आणि उरलेला सगळा भाग वेलींच्या नि जाळ्यांच्या नमुन्यांनी खच्चून भरलेला. अक्षरांच्या जोडीला एक नोंद आहे. ॲलिस ली २३ नोव्हेंबर १५९६ रोजी, मंगळवारी, दुपारनंतर जन्मली. वार आणि वेळ अगदी पत्रिकेत लिहावी तशी. भरणारीनं स्वतःचंही नाव टाकलं आहे, जेन बॉस्टॉक. दोघी नात्यातल्या असाव्यात, असं अभ्यासक मानतात. टाके आणि नमुने भरून ठेवलेल्या अशा कापडाला सॅम्प्लर म्हणतात. साल घातलेलं याहून जुनं ब्रिटिश सॅम्प्लर ज्ञात नाही.

सॅम्प्लरनं पुढची तीनशे वर्षं जी दोन कामं केली, ती दोन्ही या एका कापडावर आहेत. खाली टाक्यांची वही आणि वर घरातली नोंद.

वहीचं काम अर्थातच जुनं. छापील नमुने हाताशी नसताना कुठे नवी वेल दिसली, की विसरायच्या आत ती एखाद्या चिंधीवर उतरवून ठेवायची. असे नमुन्यांचे तुकडे मामलुक राजवटीतल्या इजिप्तमधलेही सापडले आहेत. १५०२ साली इंग्लंडच्या राणीसाठी, म्हणजे एलिझाबेथ ऑफ यॉर्कसाठी, सॅम्प्लरचं लिनन विकत घेतल्याची नोंद तिच्या खर्चाच्या हिशेबात आहे. स्पेनच्या हुआना राणीच्या १५०९ सालच्या चीजवस्तूंच्या यादीत तर पन्नास सॅम्प्लर मोजलेत. तेव्हा हे पोरीबाळींचं काम, ही समजूत बरीच नंतरची. सुरुवातीला ती जाणत्या बायकांची हाताशी ठेवायची सामग्री होती, आणि लिनन महाग असल्यामुळे कापडाचा इंचही रिकामा सोडत नसत. १५२३ च्या सुमारास जर्मनीतल्या आउग्सबुर्गमध्ये योहान श्योन्सपेर्गरनं भरतकामाच्या नमुन्यांचं पुस्तक छापलं, पाठोपाठ इतरांनीही. तरी कापडाच्या वह्या चालूच राहिल्या. सतराव्या शतकातली सॅम्प्लर लांबच लांब, अरुंद पट्ट्यांची असत आणि गुंडाळून ठेवली जात. अमेरिकेतलं सर्वांत जुनं ज्ञात सॅम्प्लरही याच धाटणीचं. ते प्लिमथ वसाहतीतल्या माइल्स स्टँडिशच्या मुलीनं, लोरानं भरलेलं आहे.

मग त्यात मुळाक्षरं का शिरली? वाचन-लेखनासाठी, असं आज कुणालाही वाटेल. मुख्य कारण होतं धुणं. चादरी, टेबलावरची कापडं, रुमाल, अंतर्वस्त्रं हा घरातला महागडा ऐवज. भल्या घरात प्रत्येक कापडाच्या कोपऱ्यात मालकाची आद्याक्षरं आणि एक क्रमांक भरलेला असे. त्यावरून धुवायला किती गेलं, परत किती आलं याचा मेळ बसे. शिवाय चादरी पाळीपाळीनं वापरल्या, की एकच जोड विरत नसे. ही अक्षरं फुलीटाक्यानं भरायची. लिननचे दोन धागे आडवे, दोन उभे मोजायचे, एक तिरका टाका, त्यावर उलट्या दिशेनं दुसरा. धागा मोजताना एक चुकला, की अख्खी ओळ तिरकी जाते. नीटस काम करणारी मुलगी उलट्या बाजूलाही टाके सारखे यावेत अशी खटपट करी, कारण घडी घातलेल्या चादरीची उलटी बाजूही दिसतेच.

हे कसब म्हणजे चाकरी मिळवण्याचं प्रशस्तिपत्रक. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलर यांच्या अनाथालयातल्या मुलींनी एकोणिसाव्या शतकात भरलेली सॅम्प्लर पाहावीत. लाल दोरा, पांढरं कापड, आणि एकाखाली एक वेगवेगळ्या वळणांच्या मुळाक्षरांच्या इवल्याइवल्या रांगा. शोभेच्या घरांना नि बागांना तिथे फारशी जागा नाही. पुढे मोठ्या घरी कामाला लागणाऱ्या मुलीनं मालकिणीला दाखवायचं ते हेच. सुखवस्तू घरातल्या मुलींचा कल दुसरीकडे होता. अठराव्या शतकात त्यांची पट्टी आखूड होऊन चौकोनी झाली, भोवती वेलीची किनार आली, मध्ये घर, झाडं, बायबलमधली वचनं, आणि शेवटी मुलीचं नाव, वय, साल. गुंडाळीतलं कापड चौकटीत बसून भिंतीवर गेलं. वही म्हणून ते तिथेच संपलं, असं म्हणायला हरकत नाही. भिंतीवर टांगलेला नमुना कोण उतरवून पाहणार?

नोंदीचं काम मात्र भिंतीवरच फळलं. अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागात अठराव्या शतकाच्या अखेरीपासून मुली शाळेत कुटुंबाची नोंदवहीच भरू लागल्या. आईवडिलांची नावं, लग्नाची तारीख, भावंडांचे जन्म, आणि मृत्यूही. मॅसॅच्युसेट्समधल्या काही कापडांवर खाली आईबापांची दोन हृदयं, त्यांतून उगवलेलं झाड आणि प्रत्येक फळावर एकेका मुलाचं नाव असतं. अशा कापडांवर पुढच्या तारखांसाठी जागा मोकळी सोडत. दहा-बारा वर्षांची मुलगी भावंडाच्या मृत्यूची तारीख टाका मोजत भरते आहे, हे आजच्या पालकांना पाहवणार नाही. तेव्हा ते शाळेतलं नेहमीचं काम होतं. काही सॅम्प्लरांवर सालातले एकदोन आकडे मुद्दाम उसवलेले दिसतात. पोरपणी वय अभिमानानं भरायचं आणि मोठेपणी ते पाहुण्यांना कळू नये म्हणून टाके काढायचे!

या साऱ्यात एक कापड अगदी वेगळं. इंग्लंडच्या ससेक्स परगण्यातल्या एलिझाबेथ पार्करनं १८३० च्या आसपास ते भरलं. किनार नाही, घर नाही, मुळाक्षरं नाहीत. लाल रेशमाच्या फुलीटाक्यात ओळीमागून ओळी. आपल्याला लिहिता येत नाही, म्हणून हे सुईनं सांगते, असं ती सुरुवातीलाच म्हणते. मग चाकरीच्या घरी झालेला छळ, जीव द्यायचा आलेला विचार, देवाची करुणा भाकणं. मजकूर वाक्याच्या मध्येच थांबतो, खाली कापड कोरंच राहतं. ती मात्र त्यातून सावरली आणि पुढे मुलांना शिकवण्याचं काम करत म्हातारी झाली.

बर्लिनमध्ये छापलेले चौकटीच्या कागदावरचे रंगीत नमुने आणि लोकर घरोघर पोचल्यावर एकोणिसाव्या शतकात सॅम्प्लर मागे पडत गेलं. मिशनच्या मुलींच्या शाळांबरोबर शिवण-भरतकामाचे तास हिंदुस्थानातही आले. दुसुतीवर धागे मोजून भरलेली फुलं नि पोपट मराठी घरांत चौकटीत लागले, रुखवतात मांडले गेले. त्यांवर भरणारीचं नाव आणि साल मात्र क्वचितच दिसतं.

नावाचा उपयोग किती, ते बेटी रिंग या अमेरिकी अभ्यासक संग्राहक बाईंनी दाखवलं. त्यांच्या संग्रहातलं न्यू जर्सीच्या मेरी अँट्रिमचं १८०७ सालचं सॅम्प्लर २०१२ मध्ये लिलावात दहा लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेलं. रिंगबाईंचं काम त्या रकमेपेक्षा मोठं आहे. एकाच परिसरातल्या मुलींच्या कापडांवर तीच किनार, तसंच घर, तीच झाडं दिसली, की त्यामागे एकच शिक्षिका असणार, हे धरून त्या जुनी दप्तरं आणि वर्तमानपत्रांतल्या शाळांच्या जाहिराती धुंडाळत गेल्या. इतिहासात कुठेच न आलेल्या कित्येक शिक्षिका त्यांना अशा विद्यार्थिनींच्या टाक्यांवरून सापडल्या.