घेऱ्यातली भाकरी

आक्कांच्या पडवीत रात्री मी मोजली, तेव्हा ओळीनं एकवीस गाडगी होती. ओंजळीत मावतील एवढी, लाल मातीची. प्रत्येकात कोमट दूध ओतून आक्कांनी बोटाच्या टोकानं विरजण लावलं आणि वर जुन्या धोतराचा फडका टाकला. “सकाळपर्यंत घट्ट होतंय ताई. पानी गाडगं पितंय, आपल्याला नुसतं दही ऱ्हातंय.” हे सांगताना त्यांचे हात थांबले नव्हते.

सिंहगडाच्या पायथ्याशी, आतकरवाडीत, आम्ही दोघं शनिवारी मुक्कामाला होतो. आमच्या लग्नाला ३६ वर्षं झाली. डिसेंबरातल्या लग्नाच्या वाढदिवसाच्या जवळचा शनिवार-रविवार सिंहगडाचा, हे पहिल्या वर्षीच ठरलं. तेव्हा महाबळेश्वर परवडत नव्हतं. स्वारगेटहून बस, दोन तासांची चढण, वर पिठलं-भाकरी आणि संध्याकाळी परत, एवढंच खिशाला झेपत होतं. पुढे परवडायला लागलं, तरी आम्ही सिंहगडच धरून ठेवला.

मी २९ वर्षं शाळेत इतिहास शिकवला. दर फेब्रुवारीत तानाजी मालुसऱ्यांची लढाई शिकवायची, फळ्यावर ४ फेब्रुवारी १६७० लिहायचं, कडा काढायचा, कल्याण दरवाजा काढायचा. एकदा पाचवीतल्या मुलीनं विचारलं, “बाई, मावळे त्या रात्री जेवून गेले होते का?” वर्ग हसला. मी हसले नाही, पण मला उत्तरही देता आलं नाही. त्या प्रश्नानंतर मी गडाचा इतिहास वेगळ्या बाजूनं वाचू लागले. गडावर कोण लढलं हे सगळीकडे लिहिलेलं आहे. गडाला खायला कुणी घातलं, हे शोधावं लागतं.

शोधायला सुरुवात करायची तर ‘घेरा’ या शब्दापासून करावी. या भागातल्या कागदांवर, पाट्यांवर ‘घेरा सिंहगड’ असं लिहिलेलं असतं आणि आपण ते गावाचं नाव म्हणून वाचून पुढे जातो. घेरा म्हणजे किल्ल्याच्या पायथ्याभोवतीचा, किल्ल्याला बांधलेला मुलूख. चढणीवर मोक्याच्या जागी मेटं असत, म्हणजे चौक्या, आणि त्यांवर मेटकरी. कोळी, रामोशी, महार, मराठे अशा घेऱ्यातल्या लोकांनी पहाऱ्याची चाकरी करायची आणि त्याबद्दल जमीन कसून खायची. गडावर हवालदार, सरनोबत, सबनीस असत. त्यांच्या बरोबरीनं कारखानीस असे, धान्य आणि इतर साठ्याचा हिशेब ठेवणारा. शिवाजी महाराजांच्या व्यवस्थेत कोठार सांभाळणारा माणूस तलवार सांभाळणाऱ्याच्या शेजारी बसत होता, हे मला फार मोलाचं वाटतं.

कारण उपाशी गड पडतो, हे कोंढाण्यानं, म्हणजे याच गडानं, त्याच्याही पुष्कळ आधी पाहिलं होतं. चौदाव्या शतकात मुहम्मद बिन तुघलकाची फौज इथे आली, तेव्हा गड नागनायक नावाच्या कोळी नायकाकडे होता. सुलतानाला तो आठ महिने घेता आला नाही. मग वरचं धान्य संपलं आणि नागनायकानं गड सोडला. मराठी मुलांना हा नागनायक फारसा माहीत नसतो. मी माझ्या वर्गात तो आवर्जून सांगत असे.

पहाटे साडेपाचला आक्का निघाल्या. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी, पाटीत पेंढ्यात बसवलेली गाडगी. सून मागे पिठाची पिशवी आणि कांदे घेऊन. आता गाडीरस्ता आहे, जीपनं सामान वर जातं; आक्कांचंही बरंचसं जातं. दही मात्र त्या डोक्यावरूनच नेतात. जीपमध्ये हिंदकळून ते फुटतं, त्याला पाणी सुटतं. त्यांच्या सासूबाई याच वाटेनं ताकाची हंडी घेऊन चढायच्या, वर गाडीरस्ता नव्हता तेव्हा. शाळेच्या सहली आणि पेन्शनर मंडळी हे त्यांचं गिऱ्हाईक. रायगडाच्या हिरकणीची गोष्ट आपण दंतकथा म्हणून सांगतो. दूध घेऊन गड चढणारी बाई मात्र दंतकथा नाही, ती माझ्यापुढे वीस पावलांवर चालत होती आणि मला तिच्याबरोबर राहता येत नव्हतं.

वाट पहिल्या टप्प्यात झाडीतून जाते, मग उघड्या सोंडेवर येते. तिथे आम्ही दरवर्षी थांबतो. खाली खडकवासल्याचं पाणी दिसतं. आमचे हे पाटबंधारे खात्यात होते. त्या पाण्याकडे त्यांच्याइतका वेळ कुणी बघत नसेल. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, त्या लोंढ्यानं खडकवासल्याचा जुना बांधही गेला, तेव्हा हे चार वर्षांचे होते आणि पुण्यात नदीजवळच्या वाड्यात राहत होते. घरातलं काही राहिलं नाही. आईनं त्या रात्री एका शाळेत कुणीतरी वाटलेली भाकरी खाऊ घातली, एवढंच त्यांना आठवतं. दर वर्षी त्या सोंडेवर ते हे एकदा सांगतात. मी दर वर्षी ऐकते.

एकामागोमाग एक तीन पुणे दरवाजे लागतात. आत शिरल्यावर घोड्यांची पागा, दारूकोठार, आणि मग पठार. तानाजीच्या लढाईची सगळ्यात जुनी मराठी हकीकत कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत आहे, १६९७ च्या सुमाराला जिंजीला लिहिलेली. तीत दोर घेऊन कडा चढणारी घोरपड नाही. घोरपड येते तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यातून. सभासद सांगतो ते असं: मावळे कडा चढून गेले, रजपुतांशी झुंज झाली, तानाजी आणि किल्लेदार उदेभान दोघेही पडले, आणि गड घेतल्यावर पागेच्या खणांना आग लावली. तो उजेड राजगडावरून महाराजांनी पाहिला आणि गड घेतला हे ओळखलं. म्हणजे पागा गवतानं शाकारलेली असणार. दर पावसाळ्याआधी ते गवत कापून वर आणणारे घेऱ्यातलेच लोक असणार, असं माझं अनुमान आहे. कल्याण दरवाज्याजवळ उभं राहिलं की राजगड समोर दिसतो. मी नेहमी तिथे त्या आगीचा विचार करते. निरोप जाळून पाठवला गेला होता.

त्यानंतर अवघ्या वीस दिवसांनी, २४ फेब्रुवारी १६७० ला, समोरच्या राजगडावर राजाराम महाराजांचा जन्म झाला. तीस वर्षांनी, जिंजीच्या वेढ्यातून सुटून आल्यावर, मार्च १७०० मध्ये त्यांनी देह ठेवला तो सिंहगडावर. त्यांच्या समाधीशी गर्दी नसते. आम्ही तिथे जातो, थोडं बसतो. पुढे १७०३ मध्ये औरंगजेबानं गड घेतला तोही लढून नाही, वेढ्यानंतर वाटाघाटी करून, पैसे मोजून.

देवटाक्याचं पाणी आम्ही दोघंही पितो. डोळे मिटून पिण्यासारखं गार. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दुर्गांवरचं प्रकरण आहे. त्यात गड बांधण्याआधी पाणी बघा, नसेल तर खडक फोडून टाकी करा आणि एका झऱ्यावर विसंबून राहू नका, असा सक्त उपदेश आहे. हे लिहिणारा माणूस वेढ्यांच्या काळात जगलेला होता. सिंहगडावरची टाकी बघताना त्याचा प्रत्येक शब्द कळतो.

२ मार्च १८१८ ला जनरल प्रिट्झलरच्या तोफांपुढे गड इंग्रजांच्या हाती गेला. आत लढत होते ते गोसावी आणि अरब. इथे शाळेचं पुस्तक संपतं. मला वाटतं, आपल्यासारख्या माणसांचा सिंहगड इथून सुरू होतो. लढाई संपलेल्या गडावर पुण्याच्या छावणीतले साहेब उन्हाळ्यात हवा खायला येऊ लागले, वर बंगले बांधू लागले. पूर्वी धान्य चढत होतं ते वेढ्यात तग धरण्यासाठी. आता ते चढू लागलं पाहुण्यांसाठी. घेऱ्यातली पावलं तीच, वाटही तीच. मेटकऱ्याच्या पोराला पहाऱ्याचं काम उरलं नाही, तेव्हा पाहुण्याचं ओझं आलं.

लोकमान्य टिळकांनी १८९० मध्ये इथला बंगला घेतला. १८९८ मध्ये येरवड्यातून सुटल्यावर खालावलेली प्रकृती सुधारायला ते इथेच आले. वेदांवरचं त्यांचं लेखन या हवेत झालं. मंडालेत लिहिलेल्या गीतारहस्याची, १९१५ च्या प्रकाशनाआधीची, मुद्रणप्रत याच बंगल्यात तयार झाली. १९२० च्या उन्हाळ्यात गांधीजी विश्रांतीसाठी सिंहगडावर राहिले होते. त्याच वर्षी १ ऑगस्टला टिळक गेले. बंगला आजही आहे, साधा, उताराच्या छपराचा. त्याच्या ओट्यावर बसून ह्यांनी मला ३६ वर्षांपूर्वी पहिल्यांदा पेरू कापून दिला होता, तिखट-मीठ लावून. इतिहासाच्या बाईनं हे लिहू नये कदाचित, पण मला तो बंगला या दोन्ही गोष्टींसाठी प्रिय आहे.

साडेअकराला आक्कांच्या झापाखाली बसलो. चूल तीन दगडांची. कढईत तेल, मोहरी, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, भरपूर कांदा. मग पाणी उकळलं की एका हातानं डाळीचं पीठ सोडायचं आणि दुसऱ्यानं घोटायचं. बाजूला निखाऱ्यावर वांगं. भाकरी थापताना आक्कांच्या बांगड्यांचा एक ठेका असतो, तो चुकला तर भाकरी कडेला फाटते असं त्या म्हणतात.

मी विचारलं, “आक्का, तुमच्या घरची मूळची भाकरी कशाची? ज्वारीचीच?”

“जवारी काय हितली हाय व्हय ताई? ती देशावरनं येती. पुन्याची मानसं मागत्यात म्हनून करायची. आमची नाचनीची. आन् सनासुदीला तांदळाची.”

बरोबरच होतं ते. हा मावळ, इथे खाचरात भात आणि उतारावर नाचणी, वरई. हरभराही देशावरचा. मिरची तर पोर्तुगीजांबरोबर समुद्रापलीकडून आलेली. गडावरचं अस्सल जेवण म्हणून आपण जे ताट मागतो, त्यातलं बरंचसं आपणच वर आणवलेलं आहे. त्याला मी खोटं म्हणणार नाही. गडानं नेहमीच वर राहणाऱ्याच्या चवीचं अन्न चढवलं. पण त्या पाचवीतल्या मुलीला आज उत्तर द्यायचं झालं, तर मी तिला सांगेन की मावळे जेवले असतील तर बहुधा नाचणीची भाकरी जेवले असतील, आणि ती कुणाच्या तरी घरी, अशाच चुलीवर भाजलेली असेल. बहुधा, हा शब्द मी तिला फळ्यावर मोठा लिहून दाखवीन.

ह्यांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या, डॉक्टरांनी एकच सांगितलेली असताना. दही आम्ही एकाच गाडग्यातलं दोघांनी खाल्लं, लाकडी चमच्यानं, तळापर्यंत. आक्कांनी पैसे घेतले आणि फडक्यात बांधलेलं काहीतरी माझ्या हातात दिलं. “खाली उतरल्यावर खावा. नाचनीची हाय. ईकायची न्हाय, घरची.”

चारच्या सुमाराला उन्हं कलली. एकवीस गाडग्यांपैकी अठरा संपली होती. आक्कांनी उरलेली तीन शेजारच्या झापातल्या पोरांना दिली, रिकामी धुऊन पेंढ्यात लावली, पाटी चुंबळीवर घेतली आणि आम्ही सगळे एकत्र उतरायला लागलो. अर्ध्या वाटेवर त्या पुढे निघून गेल्या. वळणावरून त्यांनी हात केला, आणि खालून आवाज आला, म्हशीची धार काढायची राहिली म्हणून.